खुलताबाद : एका कबरीपलीकडचे गाव

खुलताबादचे नाव बातम्यांत आले की पुढे काय होणार हे आता आपल्याला पाठ झाले आहे. एक नेता कबर उखडण्याची भाषा करतो, दुसरा तिथे जाऊन फुले वाहतो, वाहिन्यांचे कॅमेरे त्या उघड्या मातीच्या चौकोनावर स्थिरावतात आणि दोन-चार दिवस महाराष्ट्र तापतो. मग सगळे आपापल्या घरी जातात. ही कबर ज्या गावात आहे, त्या गावाबद्दल मात्र कुणी चार वाक्येही बोलत नाही. सात दरवाजांचा कोट, सातशे वर्षांपूर्वीच्या सूफींचे दर्गे, फारसी कवींच्या कबरी, जुन्या बागा आणि त्यांच्या आजूबाजूला आजही नांदणारी माणसे, हे सगळे कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर राहते.

माझे म्हणणे साधे आहे. खुलताबाद हे महाराष्ट्रातले एक दुर्मीळ मध्ययुगीन गाव आहे आणि ते गाव म्हणूनच पाहिले आणि जपले पाहिजे. एका बादशहाच्या कबरीपुरते त्याला आक्रसून टाकण्याचे काम कबरीवर राग असणाऱ्यांनी केलेच, पण तिचा बचाव करणाऱ्यांनीही तेच केले. आपण मराठी मुसलमान या दुसऱ्या गटात कधी जाऊन बसलो, हे आपल्याला कळलेही नाही.

नागपुरात बसून खुलताबादवर लिहायचे कारण सांगितले पाहिजे. १७ मार्च २०२५ रोजी नागपुरात दंगल झाली, ती याच कबरीवरून. मी रामदासपेठेत राहतो. महाल इथून फार तर चार किलोमीटर. रमजानचा महिना होता. दुपारी कबर हटवण्यासाठी निदर्शने, मग अफवा, संध्याकाळी दगडफेक आणि जाळपोळ, रात्री संचारबंदी. एका माणसाचा जीव गेला. कितीतरी घरांतली तरुण मुले पोलिसांच्या यादीत गेली. ज्या गावावरून हे घडले ते इथून जवळजवळ पाचशे किलोमीटर लांब. त्या संध्याकाळी रस्त्यावर उतरलेल्यांपैकी, दोन्ही बाजूंच्या, किती जणांनी ते गाव डोळ्यांनी पाहिले असेल?

यात आणखी एक गंमत आहे, पण ती हसण्यासारखी नाही. नागपूर शहर वसवले ते देवगडच्या गोंड राजाने, बख्त बुलंद शहाने, १७०२च्या सुमारास. गादीच्या भांडणात तो औरंगजेबाच्या दरबारी गेला, तिथे त्याने इस्लाम स्वीकारला आणि 'बख्त बुलंद' हे नाव त्याला तिथेच मिळाले. पुढे याच राजाने मोगलांविरुद्ध बंड करून त्यांच्या मुलखात धुमाकूळ घातला. म्हणजे आपल्या शहराच्या संस्थापकाने औरंगजेबाकडून नावही घेतले आणि त्याच्याशी वैरही केले. इतिहास असाच असतो. त्यात एका रेषेच्या इकडे एक आणि तिकडे दुसरा, असे उभे राहायला जागा नसते. खुलताबाद हे पाहण्याची सर्वांत चांगली जागा आहे.

मागच्या नोव्हेंबरात मी तिथे एक पूर्ण दिवस काढला. समृद्धी महामार्गामुळे नागपूरकरांना आता औरंगाबाद म्हणजे छत्रपती संभाजीनगर जवळ आले आहे. पहाटे निघालो तर जेवणाच्या वेळेला शहरात. तिथून खुलताबाद साधारण पंचवीस किलोमीटर. वाटेत देवगिरीचा किल्ला लागतो, मग घाट, घाटात सीताफळांच्या टोपल्या घेऊन बसलेल्या बाया, आणि डोंगरावर चढलो की कागजीपुरा. हातकागदासाठी प्रसिद्ध असलेले हे छोटेसे गाव. दिल्लीहून आलेल्या कारागिरांनी इथे कागद करायला सुरुवात केली, असे सांगतात. दक्खनच्या दरबारी दफ्तरांना कागद पुरवणारी ही वस्ती. खुलताबादला जाताना पाच मिनिटे इथे थांबावे, कारण पुढच्या गोष्टीची सुरुवात याच स्थलांतरात आहे.

१३२७ साली मुहम्मद बिन तुघलकाने देवगिरीला दौलताबाद नाव देऊन राजधानीचा मान दिला आणि दिल्लीतल्या प्रतिष्ठितांना इकडे पाठवले. शाळेच्या पुस्तकात हा वेडेपणाचा नमुना म्हणून येतो. पण त्या काफिल्यात नुसते सरदार नव्हते. विद्वान होते, कवी होते, कारागीर होते आणि निजामुद्दीन औलियांचे शिष्यही होते. त्यांपैकी बुरहानुद्दीन गरीब हे सर्वांत मोठे नाव. त्यांचे भाऊ मुंतजिबुद्दीन, ज्यांना लोक जर जरी जर बख्श म्हणतात, ते त्यांच्याही आधी दक्खनमध्ये आलेले. त्यांचा उरूस आजही मराठवाड्यातल्या मोठ्या जत्रांपैकी एक आहे. चौदाशे सूफी या भावांबरोबर आले, अशी लोकांची श्रद्धा आहे. आकडा मोजायला कुणी गेलेले नाही, पण गावात फिरताना दर पन्नास पावलांवर एक मजार दिसते तेव्हा आकड्याचे मूळ कळते.

'गरीब' या शब्दापाशी जरा थांबू. मराठीत आपण तो निर्धन या अर्थाने वापरतो. अरबी-फारसीत त्याचा पहिला अर्थ आहे परका, परदेशी, घरापासून दूर आलेला. बुरहानुद्दीन स्वतःला परका म्हणवत या मातीत आले आणि १३३७ साली इथेच मातीआड झाले. त्यानंतर साठ-पासष्ट वर्षांनी खानदेशच्या फारुकी सुलतानाने तापीच्या काठी शहर वसवले, तेव्हा त्याला यांचेच नाव दिले, बुरहानपूर. समोरच्या काठावरची वस्ती त्यांच्या शिष्याच्या, जैनुद्दीन शिराजींच्या नावाची, जैनाबाद. परक्या माणसाचे नाव शहराला मिळते आणि सहाशे वर्षे टिकते. जे लोक मराठी मुसलमानाला सारखे 'बाहेरून आलेला' म्हणतात, त्यांना आणि ते ऐकून मनातल्या मनात खचणाऱ्या आपल्या पोरांना हे एकदा सांगितले पाहिजे.

हे सूफी दरबाराचे आश्रित होते, असाही एक समज आहे. जैनुद्दीन शिराजींची गोष्ट त्याला उत्तर देते. बहमनी सुलतान मुहम्मद शाह पहिला याला त्यांनी निष्ठेची ग्वाही द्यायला नकार दिला. कारण सुलतान दारू पितो, शरियतविरुद्ध वागतो. सुलतानाने दौलताबाद सोडण्याचा हुकूम काढला. जैनुद्दीन उठले, गुरूच्या कबरीपाशी आले, काठी जमिनीत रोवली आणि बसले : मला इथून उठवणारा कोण आहे ते बघू. शेवटी सुलतानच नमला आणि त्याने राज्यातले दारूचे गुत्ते बंद केले. फरिश्त्याच्या इतिहासात ही हकिगत येते. याच जैनुद्दीनांच्या दर्ग्याच्या अंगणात आपल्याला पुरावे, अशी औरंगजेबाची इच्छा होती. सुलतानापुढे न वाकलेल्या फकिराच्या पायाशी हिंदुस्थानचा बादशहा जागा मागतो, हा प्रसंग मला त्या सगळ्या घोषणांपेक्षा जास्त बोलका वाटतो.

औरंगजेब ३ मार्च १७०७ रोजी अहमदनगरजवळ भिंगारला मरण पावला आणि त्याचे शव इथे आणले गेले. त्याला मरणोत्तर 'खुल्द-मकान' म्हणजे जन्नतवासी म्हणू लागले आणि त्यावरून रौजा या गावाचे नाव खुल्दाबाद झाले. मराठी तोंडात ते खुलताबाद झाले. कबर साधी आहे. वर छत नाही, मधली माती उघडी, त्यात सब्जाचे रोप. भोवतीची संगमरवरी जाळी फार नंतरची, निझामाच्या काळातली. टोप्या शिवून मिळवलेल्या पैशांत दफन करावे, असे त्याने सांगितल्याचे तिथे आवर्जून ऐकवतात.

आता औरंगजेबाबद्दल स्पष्ट बोलू. त्याने बापाला कैदेत ठेवले, भावांचा काटा काढला, दारा शिकोहसारख्या विद्वानाला मारले. संभाजी महाराजांची १६८९ साली ज्या क्रूरपणे हत्या झाली तिचा हुकूम त्याचा होता. ही जखम मराठी मनात आहे आणि ती खोटी नाही. तिची थट्टा करणे किंवा 'त्या काळी सगळेच तसे वागत' म्हणून ती झटकणे मला मान्य नाही. मराठी मुसलमान औरंगजेबाचा वारस नाही. आपले आजे-पणजे विणकर होते, शेतकरी होते, पिंजारी, आत्तार, मुलाणी होते. त्यांच्या हातात त्या सत्तेतले काही नव्हते. म्हणून त्याचा बचाव करण्याची जबाबदारी आपल्यावर नाही आणि त्याचा हिशोब आपल्याकडून मागण्याचा हक्कही कुणाला नाही. कबर राहिली पाहिजे ती इतिहासाचा पुरावा म्हणून. पुरावा आवडता असावा लागत नाही. स्वतः शिवाजी महाराजांनी अफजलखानाला प्रतापगडाच्या पायथ्याशी रीतसर दफन करवले. संभाजी महाराजांचे पुत्र शाहू महाराज अठरा वर्षे मोगलांच्या कैदेत होते. सुटून आल्यावर ते खुलताबादला या कबरीवर गेले होते, असे इतिहासकार नोंदवतात. ज्यांचा बाप त्या बादशहाने मारला, त्यांना जे जमले ते आपल्याला तीनशे वर्षांनी जमू नये, याला काय म्हणावे?

पण मुद्दा पुन्हा त्याच कबरीवर अडकू नये. दर्ग्याबाहेर फुलांच्या दुकानावर बसलेला एक पोरगा मला म्हणाला, "सब एकच पूछते साब, बादशाह की मजार किधर. मलिक अंबर का कोई नै पूछता." मी विचारले आणि गेलो.

मलिक अंबरची कबर गावाबाहेर मोकळ्यावर आहे. भक्कम घुमट, त्याने हयातीतच बांधून घेतलेला. जवळच त्याची पत्नी बीबी करीमा हिची कबर. इथिओपियात जन्मलेला, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला हा हबशी माणूस दक्खनमध्ये येऊन निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. १६१०मध्ये त्याने खडकी गाव वसवले, ज्याचे पुढे औरंगाबाद झाले. शहराला पाणी देणारी नहर-ए-अंबरी त्याचीच. जहांगीर बादशहाचा त्याच्यावर इतका राग की अंबरच्या भाल्यावर लावलेल्या मुंडक्याला आपण बाण मारतो आहोत, असे चित्र त्याने काढून घेतले. प्रत्यक्षात अंबर त्याच्या हाती कधीच लागला नाही. १६२६ साली तो म्हातारा होऊन नैसर्गिक मरणाने गेला. त्याच्या गनिमी फौजेत मराठे सरदार होते. १६२४च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले आणि शहाजींचे बंधू शरीफजी तिथे कामी आले. मोगलांना आयुष्यभर झुंजवणारा हा माणूस औरंगजेबाच्याच गावात झोपला आहे.

आणखी पाहा. गोवळकोंड्याचा शेवटचा कुतुबशहा अबुल हसन तानाशाह. १६८७ साली औरंगजेबाने त्याचे राज्य घेतले, त्याला दौलताबादच्या किल्ल्यात कैद केले आणि तो कैदेतच वारला. त्याचीही कबर इथेच. हैदराबादच्या निजामांचा मूळ पुरुष आसफजाह पहिला १७४८ साली बुरहानपूरला वारला, तोही इथेच. जिंकणारा, हरणारा, बंडखोर आणि वारसदार सगळे एका कोटाच्या आतबाहेर, चालत जाता येईल इतक्या अंतरावर. मातीने कुणालाही नाही म्हटलेले नाही.

आणि कवी? अमीर खुसरोंचे मित्र अमीर हसन सिजझी, ज्यांनी निजामुद्दीन औलियांची संभाषणे 'फवाइद-उल-फुआद' या ग्रंथात टिपून ठेवली, ते त्या दिल्लीच्या स्थलांतरात इकडे आले आणि इथेच दफन झाले. चारशे वर्षांनी उत्तरेतल्या बिलग्रामचे गुलाम अली आझाद दक्खनमध्ये आले. अरबी-फारसीचे मोठे पंडित. त्यांनी खुलताबादच्या सूफींवर 'रौजत-उल-औलिया' लिहिले आणि १७८६ साली ते याच गावात विसावले. बुरहानुद्दीनांची संभाषणे त्यांचे शिष्य रुकनुद्दीन काशानी यांनी 'नफाइस-उल-अनफास'मध्ये लिहून ठेवली. कार्ल अर्न्स्ट या अमेरिकन अभ्यासकाने या सगळ्यावर 'इटर्नल गार्डन' हे पुस्तक १९९२ साली लिहिले. अमेरिकेतला माणूस फारसी हस्तलिखिते वाचायला इथवर येतो. आणि आपल्या शाळा-कॉलेजांतल्या मुलांना या गावाचे एकच नाव ठाऊक असते.

हे गाव फक्त मुसलमानांचे आहे, असाही गैरसमज नको. खुलताबादमध्येच भद्रा मारुतीचे देवस्थान आहे. मारुतीची मूर्ती झोपलेली, अशी ठिकाणे फार थोडी. श्रावणातल्या शनिवारी आणि हनुमान जयंतीला शहरातून हजारो माणसे पायी इथे येतात. त्याच रस्त्याने ईद-ए-मिलादला पैगंबरांच्या पवित्र अवशेषांच्या दर्शनासाठी माणसे येतात. गावाच्या कोटाला जे सात दरवाजे आहेत त्यांची नावे पाहा : नगारखाना, पांगरा, लंगडा, मंगळपेठ, कुणबी आळी, हमदादी आणि छोटा आझमशाही. औरंगजेबाने बांधलेल्या कोटाच्या एका दरवाजाचे नाव कुणबी आळी! गाव कुणाचे होते याचा यापेक्षा चांगला पुरावा काय हवा?

डोंगर उतरून चार-पाच किलोमीटर गेलो की वेरूळ. तिथे लेण्यांत बौद्ध, हिंदू आणि जैन शेजारी शेजारी. तिथेच घृष्णेश्वर, तिथेच भोसल्यांची गढी. मालोजीराजांनी अहमदनगरच्या शाह शरीफ या पिराच्या श्रद्धेने मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवली, हे मराठी माणसाला सांगायला नको. मागे दौलताबादला चांद बोधले यांचे स्थान. जनार्दनस्वामींचे ते गुरू मानले जातात, आणि जनार्दनस्वामी म्हणजे संत एकनाथांचे गुरू. त्याच परंपरेत श्रीगोंद्याचे शेख महंमद येतात, 'योगसंग्राम'चे कर्ते. एकनाथांना 'हिंदू-तुर्क संवाद' हे भारूड सुचले ते कुठल्या पुस्तकातून नव्हे, या पंचवीस-तीस किलोमीटरच्या पट्ट्यात जी माणसे रोज भेटत होती त्यांच्यातून. रा. चिं. ढेऱ्यांनी मुसलमान मराठी संतकवींवर लिहिले, सेतुमाधवराव पगडींनी सूफी संप्रदायावर आणि फारसी साधनांवर आयुष्य घातले. हे दोघे मुसलमान नव्हते. त्यांना हा आपला वारसा वाटला.

आता गावाची आजची स्थिती. वेरूळला १९८३पासून जागतिक वारशाचा दर्जा आहे. तिथे बसगाड्यांची रांग असते. त्यांपैकी फार थोड्या वर वळतात आणि ज्या वळतात त्या वीस मिनिटांत कबर पाहून निघतात. कबरीपाशी बंदोबस्त, नाव-गाव लिहून घेणे, तपासणी. पाहुण्याला पहिल्या पावलापासून वाटते की आपण वादग्रस्त जागी आलो आहोत. मलिक अंबरच्या घुमटाभोवती झुडपे. कोटाचे तुकडे कुठे उभे, कुठे लोकांच्या भिंतींत मिसळलेले. बनी बेगमच्या बागेत कारंज्यांच्या जागा दिसतात, पाणी नाही. मराठीत नीट माहिती देणारा फलक शोधावा लागतो.

यात सरकारची उदासीनता आहे, हे खरे. पण सगळे सरकारवर ढकलून चालणार नाही. जुन्या दगडी बांधकामाला हिरवा ऑइलपेंट कुणी फासला? चुन्याच्या गिलाव्यावर बाथरूमच्या फरशा कुणी बसवल्या? श्रद्धेने, वर्गणी काढून, आपणच. महाराष्ट्रभर दर्ग्यांचे हेच चालले आहे. चौदाव्या शतकातली भिंत फरशीखाली गेली की ती पाडण्याची गरज उरत नाही, ती पुसली गेलेलीच असते. जे काम आपण 'खिदमत' म्हणून करतो, ते कधी कधी बुलडोझरचेच काम असते, फक्त हळू.

बायांचा प्रश्नही आहे. अनेक दर्ग्यांप्रमाणे इथेही त्यांना कबरीच्या आतल्या भागात प्रवेश नसतो. मुंबईच्या हाजी अलीबाबत उच्च न्यायालयाने २०१६ साली बायांच्या बाजूने निकाल दिला. मग खुलताबादसारख्या ठिकाणी विश्वस्तांनी न्यायालयाची वाट कशाला पाहायची? स्वतःहून दार उघडले तर त्यांचाच मान वाढेल.

जगात अशी छोटी गावे कशी जपली जातात, याचे एक उदाहरण देतो. स्पेनच्या कातालोनिया प्रांतात बेसालू नावाचे मध्ययुगीन गाव आहे. वस्ती अडीच हजारांच्या आसपास. नदीवर बुरूज असलेला दगडी पूल. यादवी युद्धात तो उडवला गेला होता, नंतर पुन्हा उभा केला. या गावात एके काळी ज्यू लोकांची वस्ती होती. पंधराव्या शतकात ती संपली आणि १४९२ साली तर स्पेनने सगळ्याच ज्यूंना हाकलले. १९६४ साली गावात खोदकाम करताना जमिनीखाली बाराव्या शतकातले ज्यूंचे धार्मिक स्नानगृह सापडले. गावात तेव्हा ज्यू वस्ती उरलेली नव्हती. तरी गावाने ते बुजवले नाही. आज बेसालूला जाणाऱ्या पाहुण्याला पुलाइतक्याच अभिमानाने ते स्नानगृह दाखवले जाते. ज्यांना पूर्वजांनी हाकलले त्यांची खूण आजचे गावकरी जपतात. त्यामुळे त्यांचा ख्रिस्ती धर्म किंवा कातालान अस्मिता कमी झाली, असे कुणी म्हणत नाही. शिवाय पर्यटकांनी गावाचे पोटही भरते.

आपल्याकडे तर गोष्ट सोपी आहे. इथे माणसे गेलेली नाहीत. २०११च्या जनगणनेत खुलताबादची वस्ती पंधरा-सोळा हजार होती. हिंदू, मुसलमान, दलित सगळे राहतात. जुने गाव आणि त्यात राहती माणसे, हे अनेक देशांना पैसे ओतूनही मिळत नाही.

म्हणून वारसा जपायचा तर आधी या माणसांचा विचार हवा. केंद्राच्या संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी असते आणि त्यापुढे दोनशे मीटर परवानगी लागते. घरावर एक खोली चढवायची तर शेजारची कबर आडवी येते. तिच्यावरून दंगल झाली की धंदा बसतो. वारशाचा त्रास गावकऱ्यांनी सोसायचा आणि त्यातून मिळकत मात्र काही नाही, हे किती दिवस चालेल? करता येण्यासारखे पुष्कळ आहे आणि ते महागही नाही. सात दरवाजे, दर्गे, मलिक अंबर, कवींच्या कबरी, बनी बेगम बाग आणि भद्रा मारुती यांना जोडणारी तीन-चार तासांची पायवाट आखावी. मराठी, उर्दू, हिंदी आणि इंग्रजीत फलक लावावेत. गावातल्याच वीस-पंचवीस मुलामुलींना वाटाडे म्हणून शिकवावे, त्यात सगळ्या जातीधर्मांची मुले असावीत. जुन्या बांधकामाला हात लावण्याआधी जाणकाराचा सल्ला घेण्याची अट वक्फ मंडळाने आणि विश्वस्तांनी स्वतःवर घालून घ्यावी. सूफींची ती फारसी संभाषणे मराठीत यावीत. यासाठी श्रीमंत मराठी मुसलमानांनी एका लग्नाच्या मांडवाचा खर्च बाजूला काढला तरी पुरेल.

दोन आक्षेप मला ठाऊक आहेत. पहिला आपल्याच घरातला. दर्ग्यांना जाणे हीच मुळात बिदअत आहे, मग ते जपायचे कशाला, असे म्हणणारे तरुण आज पुष्कळ आहेत. त्यांच्याशी मी धर्मशास्त्राचा वाद घालणार नाही. नवस बोलू नका, चादर चढवू नका, पण सातशे वर्षांची भाषा, कविता आणि वास्तुकला यांना पाठ फिरवू नका. वेरूळची लेणी पाहायला जाताना आपण पूजा करायला जात नाही. दुसरा आक्षेप बाहेरचा. खुलताबादला सजवणे म्हणजे औरंगजेबाला सजवणे. नेमके उलटे आहे. त्या गावात जितके जास्त पाहायला मिळेल, तितका औरंगजेब त्याच्या मापात येईल. आज तो मोठा दिसतो, कारण बाकी सगळ्यांना आपण अंधारात ठेवले आहे.

हा प्रश्न खुलताबादपुरता नाही. विदर्भातच अचलपूर आहे, इमादशाहीची राजधानी, तिथला हौज कटोरा किती नागपूरकरांनी पाहिला आहे? बाळापूर आहे, रोहिणखेडची मशीद आहे. उद्या यातल्या एखाद्या ठिकाणावरून कुणी आग लावली तर आपल्याला त्या गावाची माहिती आधी दंगलीतूनच कळेल. ज्या जागा समाजाला ओळखीच्या असतात, त्यांच्यावरून अफवा पसरवणे अवघड जाते. ओळख करून घेणे हा म्हणूनच छंद नाही, ती सुरक्षेची गोष्ट आहे, आपल्याही आणि शेजाऱ्याच्याही.

तेव्हा वेरूळला जाल तेव्हा चार तास जास्तीचे ठेवा. मुलांना बरोबर घ्या, आणि शक्य असेल तर शेजारच्या हिंदू कुटुंबालाही. आधी मलिक अंबरकडे जा. मग बुरहानुद्दीनांचा दर्गा, मग हसन सिजझी आणि आझाद बिलग्रामी, मग कुणबी आळीचा दरवाजा, मग भद्रा मारुती. बादशहाची कबर सर्वांत शेवटी पाहा. तोवर ती किती लहान आहे हे आपोआप कळलेले असेल.